आजी आयसीयूत आहे
आज आजीजवळ थोडा वेळ बसू दिलं. तोंडातली नळी स्वरयंत्रातून खाली श्वासनलिकेत जाते, म्हणून व्हेंटिलेटरवर बोलता येत नाही, असं सिस्टरांनी समजावलं. दिवसभर बोलणारी माझी आजी! हात सुजलेत, नखं मात्र नेहमीसारखी नीट कापलेली. गुंगीचं औषध चालू आहे, तरी ऐकू येत असेल म्हणाल्या, म्हणून कानाशी वाकून घरातलं सगळं सांगत बसलो. मध्येच अलार्म वाजला आणि काळजात धस्स झालं. कफ साठला होता, सक्शनने तो ओढून काढल्यावर अलार्म थांबला. व्हेंटिलेटरमधून देतात तो ऑक्सिजन ६० टक्क्यांवरून ४५ वर आणलाय. साध्या हवेत २१ असतो, म्हणजे पल्ला बराच आहे. आईला बळंच घरी झोपायला पाठवलंय. रात्री मी थांबतोय. फोन नको, मेसेज टाका, जमेल तसं कळवतो.