मोहंड ते बद्रीनाथ: हिमालयाचे थ्रस्ट बघत केलेली ट्रिप

बद्रीनाथला जाणारे मराठी लोक काही कमी नाहीत, पण ऋषिकेशहून पहाटे निघायचं, जोशीमठला टेकायचं, दर्शन घेतलं की परत, यात रस्त्याच्या कडेला काय उभं आहे ते कोण बघतंय. आम्ही यावेळी ठरवलं की दर्शन जमलं तर जमलं, पण हिमालय जिथे जिथे तुटून स्वतःवरच चढलाय त्या तीन जागा, म्हणजेच थ्रस्ट, दक्षिणेकडून उत्तरेकडे ओळीने बघायच्या. सोबत जिऑलॉजी शिकलेली एक मैत्रीण होती म्हणून बरंच कळलं, नाहीतर दगड तो दगड.

थोडं मेकॅनिक्स आधी सांगतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा धरा. खडकावर सगळ्या बाजूंनी दाब असतो आणि सगळ्यात जास्त दाब कुठल्या दिशेने यावर फॉल्टचा, म्हणजे खडक ज्या फटीवरून सरकतो तिचा, प्रकार ठरतो. वरून जास्त असेल तर एक ब्लॉक खाली घसरतो, तो नॉर्मल फॉल्ट. आडवा जास्त आणि वरून सगळ्यात कमी असेल तर वरचा ब्लॉक तिरक्या फटीवरून वर चढतो, तो रिव्हर्स, आणि फट बऱ्यापैकी लेटलेली असली की थ्रस्ट. इंडियन प्लेट, म्हणजे भारत ज्यावर बसलाय तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास सरकतेय, त्यातले जवळपास २ हिमालयात जिरतात. हिमालयाच्या पोटात एक जवळजवळ आडवा मोठा थ्रस्ट पसरलाय आणि आपण बघतो ते तीन म्हणजे त्याच्याच जमिनीवर आलेल्या फांद्या. पोटातला हा भाग वर्षानुवर्षं अडकून राहतो, सुटला की २०१५ च्या नेपाळसारखा ७.८ चा भूकंप. आणि हा दाब फक्त तिकडेच आहे असंही नाही, १९९३ चा किल्लारीचा भूकंपही असाच आडव्या दाबाने झालेला रिव्हर्स फॉल्टचा होता.

पहिली जागा मोहंड, सहारनपूरहून डेहराडूनला येताना. मैलोनमैल सपाट शेती आणि एकदम शिवालिकची भिंत, मध्ये चढण अशी नाहीच. ही फ्रंटल थ्रस्ट, तिघींत सगळ्यात तरुण आणि अजून चालू असलेली. फॉल्ट स्वतः बहुतेक ठिकाणी गाळाखाली गाडलेला, त्यामुळे जमिनीत भेग शोधत फिरू नका, बघायचे ते नदीच्या पात्रापासून वीस-तीस मीटर उंच राहिलेले जुने गाळाचे ओटे, म्हणजे टेरेस. नदी कधीकाळी तिथून वाहत होती, नंतर जमीन वर गेली. या टेरेसच्या वयावरून जमीन वर्षाला साधारण ७ मिलिमीटर वर येते असा हिशोब निघालाय, आणि फट ३० अंशांनी तिरकी धरली तर ७ वर यायला फटीवरून १४ सरकायला लागतं, शाळेतली ट्रिग्नॉमेट्री शेवटी इथे कामाला आली. नवा एलिव्हेटेड रस्ता पात्राच्या वरून नेलाय, त्यावर गाडी थांबवायचा विचारही नको. बाजूला राजाजी नॅशनल पार्कचं जंगल आहे, म्हणून दिवसाढवळ्या बघून घ्या, आणि पावसाळ्यात पात्रात अजिबात उतरू नका, वर कुठेतरी पाऊस पडला की कोरड्या पात्राला लोंढा येतो.

डेहराडूनमध्ये वाडिया इन्स्टिट्यूट ही हिमालयाच्या जिऑलॉजीवर काम करणारी संस्था आहे, तिचं म्युझियम जमल्यास बघा, पण वीकडेला जा आणि आधी फोन करून जा.

दुसरी बाउंड्री थ्रस्ट, मसुरीच्या पायथ्याशी राजपूरजवळ. इथे मला खरी गंमत कळली. आपण सह्याद्रीत वाढलेले, खालचा थर जुना आणि वरचा नवा हे डोक्यात फिट बसलेलं, इथे ते उलटं. खाली शिवालिकचे वाळूचे खडक, दोन कोटी वर्षांच्याही आतले, आणि त्यांच्या डोक्यावर मसुरीचा डोंगर, ज्यातला चुनखडीचा भाग पन्नास कोटींच्याही मागचा. राजपूरहून झडीपानीला जुनी पायवाट जाते ती चढा, गाडीने काही दिसत नाही. फॉल्टच्या वरचा खडक चुरा झालेला, पापुद्रे सुटणारा, हाताने ओढला तर निघतो, मसुरी रोडवर दरडी का पडतात ते वेगळं विचारायला नको.

मला प्रश्न पडला की एवढा अख्खा डोंगर घासत सरकतो कसा, ढकललं तर तुटून ढीग व्हायला पाहिजे. १९५९ मध्ये हबर्ट आणि रुबी या दोघांनी सांगितलं की फटीतल्या पाण्याचा दाब वरचं वजन अंशतः उचलून धरतो, मग घर्षण कमी होतं. बिअरचा रिकामा कॅन गार करून ओल्या काचेवर उपडा ठेवायचा, आतली हवा तापून फुगली की तो अगदी थोड्या उतारावर आपोआप घसरायला लागतो, हा त्यांचाच प्रयोग. आम्ही हॉटेलात करून बघणार होतो, राहिलं.

तिसरी आणि सगळ्यात भारी सेंट्रल थ्रस्ट. पिपळकोटीपर्यंत दरी त्यामानाने मोकळी असते, हेलंग आलं की अलकनंदा एकदम चिंचोळी, दोन्ही बाजूंना कडे. हेलंगपासून जोशीमठपर्यंतचा जवळपास सगळा पट्टाच फॉल्ट आहे, रेघ वगैरे काही नाही. खडक खोलवर गरम असताना तुटला नाही, वाहिला, म्हणून त्यातले पांढरे दाणे डोळ्यांसारखे ताणलेले दिसतात, भिंग घेऊन जा. इथला वरचा भाग शंभर किलोमीटरच्याही वर सरकून आलाय. खालून वर जाल तसा खडक जास्त तापलेला, आधी गार्नेटचे लालसर दाणे, मग कायनाइट हे आणखी तापल्यावर होणारं खनिज, म्हणजे गरम भाग थंड भागावर चढून बसलाय, परत तेच उलटं. १९३६ मध्ये हाइम आणि गान्सर हे दोघे स्विस जिऑलॉजिस्ट या भागात फिरले, सेंट्रल थ्रस्ट ओळखली त्यांनी.

जोशीमठमध्ये मात्र २०२३ ला घरांना गेलेले तडे बघून "हीच ती फॉल्ट लाइन" म्हणत फोटो काढू नका. ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, त्यात पाणी मुरणं, बांधकामाचं वजन, ती भानगड वेगळी आहे, आणि ज्यांची घरं गेली ते लोक समोर उभे असतात.

नीती रोडवर पंधरा किलोमीटरवर तपोवनचे गरम पाण्याचे झरे आहेत, बद्रीनाथचं तप्तकुंडही त्याच कुळातलं, खोल मुरलेलं पाणी गरम खडकाला लागून भेगांतून वर येतं.

जायचं तर ऑक्टोबरात, हवा स्वच्छ असते आणि दरडी कमी, नोव्हेंबरात मंदिर बंद होतं. चारधामचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन आधी करा. शेअर सुमो स्वस्त पडते पण ती तुमच्यासाठी थांबणार नाही, निदान चमोली ते जोशीमठ तरी स्वतःची गाडी घ्या, आणि कुठे थांबायचं ते ड्रायव्हरवर सोडा, कुठल्या वळणावर दगड येतात ते त्याला माहीत असतं. हातोडा नेऊ नका, कड्यावर ठोकाठोकी केली तर खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडेल, खाली पडलेले तुकडे भरपूर मिळतात.