तयार आरसा मिळतो, मग काच कशाला घासता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसात विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत, लिफ्टमध्येही सोडलं नाहीत: दुर्बिणीचा आठ इंची आरसा तयार मिळतो, मग महिनोन् महिने काच कशाला घासायची?

पैसे वाचतात, असं मी पूर्वी ठोकून द्यायचे. काचा, घासायला कार्बोरंडमची पावडर, पॉलिशला डांबरासारखं पिच आणि सेरियम ऑक्साइडची पूड, शेवटी अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. त्यात माझे तास धरले तर तयार आरसाच स्वस्त. झालं समाधान?

खोलगटपणा आणायला काही लागत नाही. माझ्या एफ-6 आरशाला (फोकल लांबी व्यासाच्या सहापट) मधोमध जेमतेम 2.1 मिलिमीटर खोली पुरते, ती 80 नंबरची भरड पावडर भराभर कोरते. छळतो तो पुढचा मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. काचेवर थोडा वेळ तळहात टेकला तरी ती तेवढ्यापुरती फुगते आणि चाचणीत टेकाड दिसतं.

आरशाच्या आकारातले दोष उजेड-सावलीत दाखवणारी ही चाचणी 1858 सालची, फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोची. सामान काय, तर दिवा आणि ब्लेड. पॉलिश संपल्यावर एका रात्री पंखे बंद करून आरशापासून आठ फुटांवर बसले. मुलामा नसलेली काच चारेक टक्केच उजेड परतवते, पण तो पुरतो. ब्लेड सरकवलं तसा आरसा एकसारखा करडा झाला, फक्त कडेला एक लख्ख कोर उरली. कड झुकलेली! मे महिन्यात पिच मऊ पडतं. दोष त्याचा की माझ्या हाताच्या दाबाचा, कोण सांगणार. आणखी पॉलिश केलं. कोर हलेना.

ती बिघडलेली कड झाकायला सहा मिलिमीटरची काळी रिंग लावली असती तर साडेसात इंची आरसा उरला असता. शनीची कडी त्यातूनही दिसली असती. मी 500 नंबरची बारीक पावडर ओतली, म्हणजे घासणं पुन्हा सुरू. मिनिटभरात नितळ काच पांढुरकी झाली. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"चकचकीत झाली होती गं. कशाला घालवलीस?"

मला उत्तर सुचलं नाही. ‘आपल्या हातचं ते आपलं’ वगैरे मी नंतर जुळवलं, आणि ते ऐकताना माझं मलाच कसनुसं होतं. हट्ट म्हणा हवं तर. पण रविवारभर क्रिकेट बघणाऱ्याकडे हिशेब मागता का कधी?

आणि काळी रिंग शेवटी लागलीच. सहाऐवजी दोन मिलिमीटरची. मधल्या चार मिलिमीटरसाठी सगळं पुन्हा करणं शहाणपणाचं होतं का, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.