माटोळीचा व्हिडिओ पुढे का गेला?

गेल्या गणेश चतुर्थीच्या तोंडावर गोव्यात फोंड्यातील मामांच्या दुकानासाठी मी दोन जाहिराती केल्या. पहिलीसाठी भाड्याचा कॅमेरा आणला, सवलतीचे आकडे ठळक दाखवले. पैसे भरून जितके प्रेक्षक मिळाले, तितक्यांवरच ती थांबली. दुसरी फोनवर टिपली होती. मामी केवणीच्या, म्हणजे एका रानझुडपाच्या सालीच्या, दोराने माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, कांगले, आंबाडे, सुपारीचे घोस बांधत एकेकाचे नाव सांगत होत्या, आणि शेवटी एक रानफळ हातात धरून त्यांनी विचारले, "ह्याला तुमच्या गावात काय म्हणतात?" मागे दुकानाची पाटी दिसत होती. तो व्हिडिओ गोव्याच्या उत्तरेतल्या पेडण्यापासून दक्षिणेतल्या काणकोणापर्यंत फिरला आणि चार दिवसांनी मुंबईच्या मावशीकडून मलाच परत आला.

माणसे जाहिरात पुढे पाठवत नाहीत. तिच्या आधाराने आपल्या माणसाशी बोलतात, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते. व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, त्यामुळे तर कोणाला पाठवायचे हे निवडावेच लागते. २०१४ च्या आइस बकेट चॅलेंजचे बळही याच निवडीत होते: डोक्यावर बर्फाचे पाणी ओतणारा पुढच्यांना नावे घेऊन आव्हान देई आणि २४ तासांची मुदत घाली. नाव घेतलेल्या माणसाला गप्प राहणे अवघड जाते. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील एएलएस असोसिएशनला त्यातून सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने छोट्या दुकानदारांना शाहरुख खानच्या तोंडी आपल्या दुकानाचे नाव घालून जाहिरात बनवू दिली, तेव्हा ती आपल्या गिऱ्हाइकांना दाखवण्यात दुकानदाराचाच मान होता.

भावनेचा प्रकारही महत्त्वाचा असतो. जोना बर्जर आणि कॅथरिन मिल्कमन या संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या सुमारे ७,००० लेखांचा अभ्यास करून २०१२ साली दाखवले, की विस्मय, संताप, चिंता अशा मन ढवळून काढणाऱ्या भावनांचे लेखन अधिक पाठवले जाते, तर नुसते उदास करणारे मागे पडते. संताप सर्वांत स्वस्तात मिळतो, म्हणून अनेक जण तोच वापरतात. मला ते पटत नाही, कारण भांडण लक्षात राहते आणि वस्तूचे नाव विसरले जाते.

मामींच्या प्रश्नाला आलेली उत्तरे मामांनी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. त्या एका फळाची सात नावे तिथे लिहिलेली आहेत, प्रत्येकापुढे गावाचे नाव.