मास्तरांच्या खिडक्या आणि शॉर्ट बॉटल

तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार झाली तो, असे दोघे एकाच गाडीवरून गॅरेजवर येतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. रविवारी शटर अर्धंच वर केलं होतं. पुढे बुलेटवर कुंडईला कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करणारा पोरगा, मागे सीटखालचा दांडा घट्ट धरून बसलेले निवृत्त मास्तर. उतरल्या उतरल्या मास्तर म्हणाले, "आवाज कमी होताना मला समोर बघायचाय. म्हणून आलो."

दोघे साखळीजवळच्या एकाच वाड्यावरचे, समोरासमोर. पोरगा पहाटे साडेपाचला निघतो. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती, त्यामुळे आवाज बाहेर जायला जागा नाही. मास्तरांनी लेखी तक्रार दिली, पोरग्याला तालांव, म्हणजे दंडाचं चलन, मिळाला आणि गाडी नीट करून दाखवायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड दहा हजारांपर्यंत जातो, लायसन तीन महिने जाऊ शकतं, म्हणून पोरगा नरमला होता. मास्तरांच्या खिशात ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांची घडी केलेली झेरॉक्स होती. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. "साडेपाच म्हणजे कायद्याने रात्रच," ते म्हणाले. ते आकडे परिसराचे असतात, एका गाडीचे नव्हेत, असं मी सांगितलं. घडी पुन्हा खिशात गेली, पण पटलं नाही.

गाडी २०१४ ची क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली. तिला बाजारात मिळते ती शॉर्ट बॉटल, म्हणजे कंपनीच्या सायलेन्सरच्या जागी लावायचा आखूड सायलेन्सर. पोरग्याने ऑनलाइन मागवलेल्या तीन जाळ्या पिशवीतून काढून बाकावर मांडल्या. सायलेन्सरच्या तोंडात घालून आवाज कमी करायच्या, डीबी किलर म्हणून विकतात त्या. एकही बसेना. हे दर आठवड्याचं आहे. विकणारा लिहितो '४८ मिमी', आणि ते माप सायलेन्सरचं बाहेरचं आहे की जाळीचं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. गिऱ्हाईक टेप लावून बाहेरून मोजतो आणि मागवतो.

माप आतून घ्यायचं, व्हर्नियरने, आणि एकदाच नाही. तोंडाशी आडवं, मग उभं, कारण रोल केलेला पाइप गोल कधीच नसतो. ह्या बाटलीत एका बाजूने ४४.६ आणि दुसऱ्या बाजूने ४३.८ भरलं. मग बोटभर आत. तोंडाची कड आत वळवलेली असेल तर आतलं माप मोठं निघतं, आणि तोंडातून जाणारी जाळी आत जाऊन खुळखुळते. पोरं तो खुळखुळाट इंजिनाचा समजून टॅपेट सेट करायला येतात. पुढे बोल्टाचं भोक: सहा मिमीचा बोल्ट तोंडापासून किती आत आहे, खालून आहे की बाजूने. शेवटी टॉर्च. तोंडातून उजेड मारल्यावर पलीकडचं टोक दिसलं तर आत सरळ भोकांची नळी. दिसलं नाही तर पडदे किंवा उलटसुलट फिरवलेले पाइप. सायकलच्या स्पोकला आकडा करून भोकातून फिरवला, तर हाती फक्त राखाडी भुगा आला. आतली ग्लासवूल, म्हणजे आवाज शोषणारा काचतंतूंचा कापूस, केव्हाच जळून गेलेली. म्हणजे बाटली नुसता भोंगा झाली होती. चुंबकसुद्धा लावला. लोक म्हणतात चिकटला तर स्टेनलेस नाही. पण ४०९ ग्रेडच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. ३०४ ला सहसा चिकटत नाही. आमच्या हवेत आणि पावसात हा फरक पैशांचा आहे, कारण साध्या पत्र्याची जाळी दोन पावसाळ्यांत बोल्टासकट गंजून आत रुतते आणि मग ग्राइंडर लागतो.

मास्तर हे सगळं वर्गात उभं राहावं तसे उभं राहून बघत होते. मध्येच म्हणाले, "एवढं माप तर आमच्या शाळेची इमारत बांधतानाही कुणी घेतलं नव्हतं."

माझ्याकडच्या दोन जाळ्या लेथवर थोड्या उतरवून बसवल्या. एक सरळ नळीची, भोकं पाडलेली, वर ग्लासवूल गुंडाळून. दुसरी पुढचं तोंड बंद असलेली, पेल्यासारखी. धूर बाजूच्या भोकांतून वळून बारीक नळीने बाहेर पडतो. मोजायची रीत ठरलेली आहे: आवाजाचा मीटर सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत, इंजिन जास्तीत जास्त ताकदीच्या फेऱ्यांच्या निम्म्यावर. ह्या इंजिनाचा आकडा मिनिटाला ५,२५०, म्हणजे निम्मे २,६०० च्या आसपास. क्लासिकला फेऱ्यांचं घड्याळच नाही, म्हणून प्लगच्या वायरीला चिमट्याचा टॅकोमीटर लावला. जाळीविना १०३ डेसिबल. ग्लासवूलच्या जाळीने ९४. पोरगा खूश. त्याला वाटतं कायद्यातला ८० आता जवळ आला. तो ८० कंपनीच्या चाचणीचा, साडेसात मीटरवरून गाडी जाताना घेतलेला. अर्ध्या मीटरवरच्या आकड्याशी त्याची तुलना होत नाही. हे मी इतक्यांना सांगितलंय की आता भिंतीवर लिहावं म्हणतो.

मास्तर मात्र रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमागे जाऊन उभे राहिले होते. परत येऊन म्हणाले, "कर्कशपणा गेला. धडधड तशीच आहे. पत्रा थरथरतो."

माझ्या मीटरवर बाजूला ए आणि सी असं बटण आहे. सहसा कुणी हात लावत नाही, कारण सगळे कायदे ए वर चालतात. मी सी वर टाकून दोन्ही वेळा पुन्हा मोजलं. ए वर नऊ डेसिबल उतरले होते, सी वर जेमतेम तीन.

मास्तरांनी विचारलं तेव्हा सांगावं लागलं. माणसाचा कान खालचे सूर कमी ऐकतो, म्हणून ए त्यांना कमी धरतं. ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा. सी मध्ये एक-सव्वा. आणि ही चार-स्ट्रोकची सिंगल सिलिंडर गाडी. दोन फेऱ्यांना एक धमाका, २,६०० फेऱ्यांना सेकंदाला साधारण २२, आणि पहाटे गल्लीत गरम करत उभी असताना तर आठ-नऊ. तो ठोका ए जवळजवळ धरतच नाही. ग्लासवूलसुद्धा वरचाच आवाज खाते. मास्तर थोडा वेळ मीटरकडे बघत राहिले. "म्हणजे आमच्या खिडक्यांना सी लागू आहे," म्हणाले.

पेल्याची जाळी लावली. दोन्ही आकडे आणखी थोडे उतरले. पोरगा चक्कर मारून आला आणि गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ओरडला, "पिकअप खंय गेलो मरे?" बरोबरच होतं. बारीक नळीने वरच्या फेऱ्यांना श्वास अडतो, इंजिनातून सायलेन्सरकडे येणारा बेंड पाइप जास्त तापतो. ती जाळी मी कुणालाही आनंदाने विकत नाही.

मग शिडी लावून माळ्यावर चढलो. गोव्यातल्या कुठल्याही बुलेटवाल्या गॅरेजचा माळा बघा, कंपनीच्या चांगल्या सायलेन्सरांनी भरलेला असतो. नव्या गाडीची पोरं पहिल्या सर्व्हिसिंगलाच काढून टाकतात आणि "ठेवून घ्या" म्हणतात. वागातोरला बायकर्सचा मेळा भरला की त्या आठवड्यात माळा आणखी भरतो. शिव्या मात्र भाड्याच्या गाडीवरच्या पर्यटकालाच मिळतात. त्यातला एक लांब सायलेन्सर ह्या गाडीला चढला. ए ८६, आणि सी सुद्धा भरपूर खाली. खालचा ठोका मारायला आत जागा लागते, एकामागे एक कप्पे लागतात. चौदा इंची बाटलीत बोटभर जाळी घालून ती जागा येत नाही. मास्तर शेडमागून आले ते हसतच.

"हा किती?" पोरग्याने विचारलं. मी जाळीच्या निम्मा भाव सांगितला. तो गाडीभोवती फिरला, लांबून बघितलं, जवळून बघितलं. "काका, हे लावलं तर कंपनीत पोरं हसतील. मीटरवर जाळीवाली पास होते ना?"

होत होती, म्हणजे नाकारायला माझ्याकडे आकडा नव्हता. ग्लासवूलची जाळी बसवली, बोल्टाला स्प्रिंग वॉशर टाकला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी गाडी दाखवायला मीही गेलो, मीटर पिशवीत घेऊन. तो बाहेर काढावाच लागला नाही. साहेबांनी एकदा अॅक्सिलरेटर पिळला, कान दिला आणि "ठीक आहे" म्हणाले. तालांव लिहितानाही कानच वापरला असणार. पोरगा सुटला.

त्या रविवारी मास्तर परत जाताना गाडीवर बसले नव्हते. बसस्टॉपकडे चालत गेले. मी हाक मारली, तर हात केला, बोलले नाहीत.

चतुर्थीनंतर त्यांचा फोन आला. तब्येत, पाऊस झाल्यावर मुद्द्यावर आले. "ती जाळीवरची वूल किती दिवस टिकते?"

रोजची गाडी आहे, वर्षाच्या आत जळायला लागेल, मग आवाज पुन्हा चढतो, असं सांगितलं.

"बसवल्याची तारीख तुमच्याकडे असेल ना? सांगा, लिहून घेतो."

बिलबुक काढून सांगितली.