तुम्ही विचारलंत म्हणून: वकीलपत्राशिवाय घटस्फोट

"तू म्हणे वकीलच लावला नाही. मग झाला कसा घटस्फोट?"

हा प्रश्न मला हळदीकुंकवात विचारला गेला, ऑफिसच्या जिन्यात विचारला गेला आणि एकदा नागपुरात बर्डीवर साडीच्या दुकानात, वहिनीच्या ओळखीच्या एका बाईंनी हळू आवाजात विचारला. विचारणाऱ्या बहुतेक जणी बहिणीचं, भाचीचं नाव पुढे करतात. मी खोदून विचारत नाही. पण उत्तर दर वेळी घाईघाईत, अर्धवट दिलं जातं आणि अर्धवट उत्तराने कोणाचं तरी नुकसान होईल अशी भीती वाटते. म्हणून एकदा नीट लिहिते.

वकील लावला नाही हे अर्धंच खरं आहे. मी वकिलाकडे तीनदा गेले, तिन्ही वेळा पैसे दिले, पावती घेतली. दिलं नाही ते वकीलपत्र, म्हणजे कोर्टात माझ्या वतीने उभं राहण्याचा वकिलाला दिलेला लेखी अधिकार. कोर्टात माझ्या बाजूने मीच उभी राहिले.

आमचं प्रकरण सोपं होतं, असं लोक म्हणतात. अकरा वर्षांचा संसार मोडताना सोपं काहीच नसतं, पण कायद्याच्या हिशेबाने ते सोपं होतं हे मान्य. मारहाण नव्हती, एकमेकांवर आरोप करायचे नव्हते, दोघांनाही वेगळं व्हायचं होतं. मी मुलीला घेऊन अजनीला आईकडे आले त्याला चौदा महिने झाले होते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे संमतीच्या अर्जासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते झालं होतं.

पहिले वकील मामाच्या ओळखीचे. म्हणाले, "दोघांचं मीच करून देतो, कशाला दुप्पट खर्च?" मामाला पटलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मनीष नगरचा फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर, त्याचं काहीच ठरलेलं नव्हतं. उद्या त्यावरून अडलं, तर हे गृहस्थ कोणाच्या बाजूचे? पुढे कळलं की ज्या वकिलाने एका पक्षाला सल्ला दिला किंवा कागद तयार करून दिले, त्याने त्याच प्रकरणात समोरच्या पक्षाचं काम करू नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. संमतीच्या अर्जात दोघांचा मिळून एक वकील सर्रास दिसतो. सगळं आधीच ठरलेलं असेल तर त्यात वावगं काही नसेल, आमचं तसं नव्हतं.

मग मी विचारत फिरले: मला फक्त सल्ला आणि कागद तपासून देणारं कोणी मिळेल का? तिघांनी नाही म्हटलं. त्यातल्या एकाने कारणही सांगितलं आणि ते मला योग्य वाटलं. एकदा वकीलपत्र दाखल झालं की प्रकरण संपेपर्यंत किंवा कोर्टाच्या परवानगीने मागे घेईपर्यंत ते चालू राहतं. अर्धी फाइल माहीत आणि पूर्ण जबाबदारी अंगावर, हे कोणत्याही वकिलाला नको असतं. म्हणजे मला जे हवं होतं ते वकीलपत्राच्या बाहेरच शक्य होतं. वकील पडद्यामागे, पेशीला मी.

चौथ्या होत्या त्या वकील मॅडम. सदरला घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस. माझं ऐकून त्यांनी लेटरहेड पुढे ओढलं आणि लिहायला लागल्या. तीन कामं: एक तास बसून सगळं ऐकून सल्ला, मी लिहिलेल्या अर्जाचा मसुदा दुरुस्त करणं, आणि संमतीच्या अटी एकेक करून तपासणं. त्याखाली रेघ मारून, काय करणार नाही तेही लिहिलं: कोर्टात हजर राहणार नाही, समोरच्यांशी बोलणार नाही, नवा वाद निघाला तर तो या कागदात धरलेला नाही. प्रत्येक कामासमोर फी. दोघींनी सह्या केल्या.

त्या कागदाची किंमत मला महिन्याभराने कळली. एका रात्री नऊ वाजता मी त्यांना रडत फोन केला, कारण मुलीच्या बाबांनी गाडीच्या पैशांवरून काहीतरी सुनावलं होतं. मॅडमनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, हे आपल्या कागदात नाही. उद्या या, याची फी सांगते, मग बोलू." तेव्हा लागलं मला. पण दुसऱ्या दिवशी मी गेले नाही, कारण सकाळी लक्षात आलं की त्या गोष्टीला वकिलाची गरजच नव्हती.

आईला मात्र हे सगळं धाडस वाटत होतं. "बाप्पा, कोर्टात वकिलाशिवाय कोणी उभं राहते का?" राहतात. कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदा आहे, त्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकिलामार्फत बाजू मांडणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. व्यवहारात परवानगी मिळते आणि वकील दिसतातही भरपूर. पण नवरा-बायकोने स्वतः येऊन बोलावं, आधी समेटाचा प्रयत्न व्हावा, ही त्या कायद्याची मूळ कल्पना. हे मॅडमनी पहिल्याच तासात सांगितलं आणि माझी निम्मी भीती गेली. मी तिथे आगंतुक नव्हते.

आता खरं सांगायचं ते अटींबद्दल.

अर्ज मी नमुना पाहून लिहिला होता. लग्नाची तारीख, पत्ते, केव्हापासून वेगळे राहतो, सगळं जमलं. मॅडमनी त्यात दोन-चार ठिकाणीच पेन लावलं. अटींचं पान मात्र लाल झालं. मी लिहिलं होतं, "मुलीचा खर्च दोघे मिळून करतील." त्यांनी विचारलं, कोणता खर्च? शाळेची फी धरली, मग बसची? ट्यूशनची? आजारपणाची? फी दरवर्षी वाढते, वाढलेली कोण भरणार? पैसे तुमच्या खात्यात येणार की थेट शाळेत? कोणत्या तारखेपर्यंत? बारावीनंतर काय? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं, आणि मी तर ते वाक्य फार समंजसपणे लिहिलं असं समजत होते.

"बाबांना मुलीला केव्हाही भेटता येईल" हेही असंच. केव्हाही म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री का? त्याचं झालं: महिन्यातले दोन रविवार, सकाळी दहा ते सहा, नेणं-आणणं बाबांकडे, दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, उन्हाळ्यात पंधरा दिवस सलग, पासपोर्टच्या अर्जावर दोघांनी सही करायची.

आणि एक वाक्य मी फार अभिमानाने लिहिलं होतं. "मला व मुलीला भविष्यात कोणतीही पोटगी नको." मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं तुम्ही सोडायचं का ते ठरवा. मुलीचा हक्क तुमच्या सहीने सुटत नाही. तो तिचा आहे." मी ते वाक्य त्यांच्यासमोरच खोडलं. माझ्या रागाची किंमत मी नऊ वर्षांच्या पोरीकडून वसूल करत होते, हे मला कोणी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

फ्लॅटचं तर वेगळंच. आमचं ठरलं होतं की फ्लॅट मुलीचे बाबा ठेवतील आणि हप्तेही तेच भरतील. मला वाटलं, तसं लिहिलं की मी मोकळी. मॅडम म्हणाल्या, "बँकेने कुठे सही केली या कागदावर?" कोर्टात दोघांनी काहीही ठरवलं तरी बँकेच्या लेखी मी सहकर्जदारच राहते. त्यांनी दोन हप्ते चुकवले तर फोन मला येणार, माझा सिबिल खराब होणार. म्हणून पाचवी अट नव्याने लिहिली गेली: हुकूमनाम्यापासून, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशापासून, सहा महिन्यांत त्यांनी कर्ज स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घ्यायचं आणि बँकेचं तसं पत्र मला द्यायचं, ते पत्र मिळाल्यावर मी माझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र नोंदवून द्यायचं, खर्च त्यांचा, आणि सहा महिन्यांत जमलं नाही तर फ्लॅट विकून कर्ज फेडायचं. क्रम महत्त्वाचा, हे त्यांनी तीनदा बजावलं. आधी बँकेचं पत्र, मग माझी सही.

दागिन्यांची यादीही वजनासकट जोडली. पीएफवरचं आणि विम्यावरचं नामनिर्देशन बदलायचं, तेही त्यांनीच आठवण करून दिली.

या एका बैठकीला दीड तास लागला. अख्ख्या प्रकरणात मी कशावर पैसे खर्च करावेत असं कोणी विचारलं, तर मी याच दीड तासाचं नाव घेते. अर्ज लिहिणं जमतं, कोर्टात बोलणंही जमतं. पाच वर्षांनी कोणत्या शब्दावरून भांडण होईल हे मात्र अशी भांडणं रोज पाहणाऱ्या माणसालाच दिसतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल केला. कायद्याप्रमाणे दुसऱ्या पेशीआधी सहा महिने थांबायचं होतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा थांबण्याचा काळ माफ होऊ शकतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि तसा अर्ज टाकायला निघाले होते. मॅडमनी तारखा मोजल्या. त्या निकालात अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं अशी अपेक्षा आहे, तुमचे चौदाच महिने आहेत, नका टाकू. मी थांबले. त्या सहा महिन्यांत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे डोक्यात सतत होतं. समुपदेशक बाईंनी दोघांना वेगवेगळं आणि मग एकत्र बसवून विचारलं. त्या मायेने बोलल्या. मी तिथे पहिल्यांदा मोकळी रडले.

एप्रिलच्या शेवटी दुसरी पेशी. मेट्रोने कस्तुरचंद पार्कला उतरले तेव्हा सकाळी साडेदहालाच उन्हाच्या झळा लागत होत्या. नाव पुकारलं. न्यायाधीशांनी मराठीतच विचारलं, कोणाच्या दबावाखाली नाही ना? अटी वाचल्या आहेत का? समजल्या आहेत का? मी म्हटलं, हो, प्रत्येक अट समजली आहे. ते उत्तर घोकलेलं नव्हतं. हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य मिळते, कायद्यातच तसं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

एक गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली नाही, ती सांगते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी तिचं उत्पन्न पाहिलं जात नाही. नागपुरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच आहे आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे. ज्यांच्याकडे फीसाठी पैसे नाहीत त्यांनी माझ्यासारखं तीन कामांचं गणित मांडत बसू नये, आधी तिथे जावं.

आणि सगळ्यांनी माझ्यासारखं करू नये. मागच्या वर्षी माझी एक शाळेतली मैत्रीण समन्स घेऊन आली. नवऱ्याने क्रूरतेचं कारण दाखवून एकतर्फी दावा टाकलेला, त्याच्या बाजूने वकील, आणि मुलगा त्याच्याकडे. "तू केलं तसं मीही करीन म्हणते," ती म्हणाली. मी तिला स्पष्ट नाही म्हटलं. तिथे साक्षी होतात, उलटतपास होतो, मुलाच्या ताब्यासाठी वेगळा अर्ज लागतो, अंतरिम पोटगीसाठी मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं. हे शपथपत्र देशभर सक्तीचं करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल ज्या प्रकरणात आला, ते इथल्या नागपूर खंडपीठातूनच वर गेलं होतं. अशा ठिकाणी अर्धी मदत पुरत नाही. मारहाण असेल, मालमत्ता लपवली जात असेल, समोरच्याची भीती वाटत असेल, तर वकीलपत्र द्या, पूर्ण वकील घ्या. मैत्रिणीला मी स्वतः विधी सेवा प्राधिकरणात घेऊन गेले. तिला वकील मिळाल्या. प्रकरण सुरू आहे.

माझ्या फ्लॅटचं काय झालं, हेही विचारता. चार महिने काहीच झालं नाही. बँक कागद मागून राहिली, वेळ नाही, पगाराची स्लिप कमी पडते, अशी कारणं येत होती. पाचव्या महिन्यात मी फोनवर वाद घातला नाही. पाचव्या अटीचा फोटो काढून पाठवला, खाली सहा महिने पूर्ण होण्याची तारीख लिहिली. अठराव्या दिवशी बँकेचं पत्र आलं. मी ते मॅडमना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी दोनदा वाचलं, माझं नाव कर्जातून निघाल्याचं वाक्य बोटाने तपासलं आणि म्हणाल्या, "आता करा हक्कसोडपत्रावर सही."