काळी पाच, काळी चार

परवा मारुतीपुढे आमच्या बँडातल्या बंड्याने भजनाची पट्टी उतरवली. मला न विचारता.

नवरदेव घोड्यावरून उतरला, आम्ही अर्धगोल उभे राहिलो, मी ट्रंपेट ओठाला लावलं आणि मोठ्या पितळी युफोनियमनं जो सूर धरला तो काळी चारचा, पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. हे भजन आमच्याकडे आजोबांपासून काळी पाचातच वाजतं. मला वाटलं, त्याचं चुकलं. मग क्लॅरनेटही तिथेच आली. सगळेच तिथे. बंड्या ड्रमकडे बघत होता, माझ्याकडे नाही. बोटं सवयीची, त्यांनी आपलं आपण जुळवून घेतलं. तिसऱ्या ओळीतला वरचा सा स्वच्छ लागला. फाल्गुनात दात काढल्यापासून पहिल्यांदा.

टेम्पोतून येताना कोणी काही बोललं नाही. मीही नाही. पण रात्री झोप येईना. पट्टी बदलायची तर सगळ्यांना आधी बसावं लागतं, दोनदा-तीनदा वाजवून बघावं लागतं. म्हणजे माझ्यावाचून तालीम झाली. कुठे झाली? आमच्याच शेडमध्ये, मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो त्या मंगळवारी?

हिला सांगितलं तर म्हणाली, पोरानं तुमचाच विचार केला ना. केला. तेच तर.

आज दुपारी अमेरिकेतले जाझवाले किंग ऑलिव्हर आणि त्याचा शिष्य लुई आर्मस्ट्राँग यांची ती १९२३ ची रेकॉर्ड पुन्हा ऐकली. पोलिस बँडात असताना मास्तरांनी पहिल्यांदा ऐकवली होती. मास्तर गोव्याचे, हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणून गाजलेल्या चिक चॉकलेटला मुंबईच्या ताजमध्ये ट्रंपेट वाजवताना पाहिलेले, त्यामुळे त्यांच्यासाठी आर्मस्ट्राँग म्हणजे घरचाच माणूस. तेव्हा माझं लक्ष फक्त लुईकडे असायचं. विशीतल्या पोराचं दुसरीकडे कशाला जाईल?

१९२२ साली ऑलिव्हरनं त्याला न्यू ऑर्लीन्सहून शिकागोला बोलावून घेतलं, ते सेकंड कॉर्नेट वाजवायला. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचाच आखूड भाऊ, आणि सेकंड म्हणजे मुख्य चालीखालची साथ. मुख्य चाल, फर्स्ट, स्वतः ऑलिव्हर. तिथल्या लिंकन गार्डन्स या नाचघरात दोघं जोडीनं वाजवायचे. मधल्या मोकळ्या जागेत ऑलिव्हर जे वाजवणार त्याची खूण आधीच हळूच करायचा आणि लुई त्याखाली दुसरा सूर असा बसवायचा की लोकांना कळेना, हे लिहून न घेता जमतं कसं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी ते रेकॉर्डिंगला गेले. तेव्हा माइक नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या भोंग्यासमोर सगळ्यांनी वाजवायचं आणि पलीकडे मेणाच्या तबकडीवर सुई फिरायची. बाजूलाच रेल्वेचा रूळ. गाडी आली की थांबायचं. लुईचा आवाज इतका मोठा की त्याला बाकीच्यांपासून लांब, मागे उभं केलं, असं सांगतात. पियानोवर होती लिल हार्डिन. लांब उभ्या त्या पोराचा पडलेला चेहरा तिच्या लक्षात राहिला.

आज मात्र मी त्या खोलीत ऑलिव्हरला शोधत होतो. तो भोंग्याजवळ उभा आहे. मागून येणारा सूर त्याच्या कानावर पडतोय. त्याला कळत नसेल? त्याला पक्कं कळत होतं. लिल सांगायची, ऑलिव्हर स्वतः तिला म्हणाला होता की पोरगा माझ्याहून चांगला वाजवतो, पण माझ्याजवळ आहे तोवर माझ्यापुढे जाणार नाही. आणि लुई तर जन्मभर सांगत राहिला की ऑलिव्हरवर, त्याच्या ‘पापा जो’वर, चढ करावी असं त्याच्या मनातही आलं नाही.

म्हणजे एक धरून ठेवतोय, दुसरा स्वतःला आवरतोय, आणि वरून दोघांचं वाजणं इतकं गोड. मी पंधरा वर्षं बंड्याला सेकंडवर ठेवलं. माझ्या मनात तसलं काही नव्हतं. नव्हतंच, असं मला वाटतं.

लिलनं १९२४ मध्ये लुईशी लग्न केलं आणि त्याला ऑलिव्हरपासून सोडवलं. तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडात गेला. तिथे ट्रंपेटला मान होता, पण गाऊ फारसं द्यायचे नाहीत. वर्षभरानं शिकागोला परतला, स्वतःच्या नावानं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गायला लागला. तो गळा! खरखरीत, पोत्यावर हात फिरवल्यासारखा, आणि तरी सुराला पक्का. ट्रंपेटवर सूर जसा उशिरा सोडायचा, शेवटी थरथरवायचा, अगदी तसाच गळ्यातून.

२८ जून १९२८ ची ‘वेस्ट एंड ब्लूज’ मी किती वेळा ऐकली असेन. सुरुवातीला दहा-बारा सेकंद एकटं ट्रंपेट, ना ताल ना साथ, जिना चढावा तसं वर आणि तसंच घरंगळत खाली. मग एके ठिकाणी क्लॅरनेट एक ओळ म्हणते आणि तो गळ्यानं उत्तर देतो. शब्द नाहीत, नुसता आवाज. पहाटे घरातलं माणूस अर्धवट झोपेत बोलतं तसा. शेवटाकडे एक वरचा सूर लावतो आणि जवळजवळ चार बार, म्हणजे ठेक्याचे चार फेरे, सोडतच नाही. तो सूर काळी पाचचा. माझा हरवलेला सूर तोच.

पण आज अंगावर आलं ते वेगळंच. हे गाणं मुळात ऑलिव्हरचं आहे. त्याची चाल. लुईच्या रेकॉर्डनंतर, १९२९ च्या जानेवारीत, ऑलिव्हरनं तेच पुन्हा रेकॉर्ड केलं आणि सुरुवातीला लुईची ती प्रसिद्ध उठावण घेतली. ती वाजवली मात्र लुई मेटकाफ नावाच्या दुसऱ्याच ट्रंपेटवाल्यानं. ऑलिव्हरच्या हिरड्या खराब झाल्या होत्या. साखर भरलेले पाव खायची सवय त्याला. आपलंच गाणं, त्यात आपल्याच शिष्याची जागा, आणि ती वाजवायला तिसराच माणूस. स्टुडिओत बसून त्यानं ते कसं ऐकलं असेल? मला हे सोडवत नाही. तेव्हापासून ताट समोर आलं आणि तसंच गेलं.

पुढचं ठाऊक आहे. ऑलिव्हरच्या नशिबी जॉर्जिया राज्यातलं सव्हाना गाव, भाजीची गाडी, बिलियर्डसारखा पूल खेळतात त्या हॉलमध्ये झाडू. १९३७ मध्ये लुईला तो तिथे रस्त्यात भेटला, लुईनं खिशात होते ते पैसे दिले. त्या रात्री ऑलिव्हर ठेवणीतले कपडे घालून लुईला ऐकायला आला. पुढच्या एप्रिलमध्ये गेला.

ठेवणीतले कपडे घालून आला. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो.

दादा असता तर... जाऊ दे.

लुईचं तरी काय, १९३३ साली लंडनला वाजवताना ओठ फुटला, शर्टावर रक्त आलं, कित्येक महिने वाजवणं बंद. शेवटच्या वर्षांत डॉक्टरांनी ट्रंपेट हातातून काढून घेतलं तेव्हा गळा उरला होता. १९७१ च्या मार्चमध्ये दुखणं अंगावर घेऊन न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात दोन आठवडे कार्यक्रम केला, जुलैत गेला. त्याच्याजवळ दुसरं काहीतरी होतं. ही म्हणते, तुम्ही शनिवारी भजनात गाता की. गातो. पण भजनात सगळेच गातात.

संध्याकाळी शेडमध्ये गेलो. कोणी नव्हतं. बंड्याची वही पेटीवर होती. त्यात आमच्या भजनापुढे त्यानं ‘काळी ४’ लिहून खाली रेघ ओढली होती, आणि बाजूला बारीक अक्षरात, ‘काकांना सांगायचं कसं?’

तिथेच बसलो. पोरगा घाबरला होता. मी त्याचं ड्रमकडे बघणं भलत्याच अर्थानं घेतलं.

शुक्रवारची सुपारी मोठी आहे, तीन गावची माणसं येणार. ते भजन काळी पाचातच व्हायला पाहिजे, मारुतीला तीच सवय. फर्स्ट बंड्यानं वाजवावं, त्याचा वरचा सा आता माझ्या चाळिशीतल्यासारखा लागतो. सेकंड मी.

माउथपीस लावला, शेजारी झोपलेत म्हणून भोंग्यात टॉवेल कोंबला आणि सेकंड वाजवायला लागलो. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीत, फर्स्ट वर जातो तिथे सेकंड खाली कुठे उतरतो, ते मला माहीतच नाही. पंधरा वर्षं माझ्या शेजारी वाजत होतं. तीन-चार तऱ्हांनी करून पाहिलं, बसलं नाही.

सकाळी बंड्या दूध घेऊन येईल तेव्हा त्याला म्हणायचं, जरा थांब, तिसऱ्या ओळीत तू काय घेतोस ते दाखव.