तुम्ही विचारलंत म्हणून: जुनंच रीळ कशाला?

"एवढ्या पैशात नवं येईल की ओ, गळाच्या काठीला हे दोरी गुंडाळायचं जुनं रीळ कशाला?" पंचगंगेच्या घाटावर गळ टाकून बसणारी पोरं मला हमखास विचारतात. कणकेच्या गोळीवर ती मासे काढतात. मी आमिष म्हणून पिसांची खोटी माशी बांधून बहुतेकदा रिकाम्या हातानं घरी. म्हणजे प्रश्न रास्तच आहे. उत्तर मात्र नदीवर नाही, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमनगरात आहे.

माझी उमेदीची वर्षं तिथं लेथवर गेली. त्यामुळे रीळ हातात आलं की आधी स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायचं फिरतं चाक, आणि त्याभोवतीची फ्रेम यांमधली फट बघतो. इंग्लंडातल्या ॲनिक गावच्या हार्डी बंधूंचं 'परफेक्ट' नावाचं रीळ १८९१ साली बाजारात आलं, आत चक्क बॉल बेअरिंग घालून! १८७२ मध्ये धंदा सुरू करणारा विल्यम हार्डी मुळात बंदुकांचा कारागीर, यात मला नवल वाटत नाही. फिटिंगची ती शिस्त बंदूकवाल्याचीच.

माशीच्या मासेमारीत फेकताना वजन दोरीचंच असतं, रीळ नुसतं दोरी सांभाळतं. त्याची परीक्षा मासा पळाला की. हँडलचा एक फेरा म्हणजे स्पूलचा एक फेरा, मध्ये गिअर नाही. स्पूल भरधाव सुटून दोरीचा गुंता होऊ नये म्हणून आत एक दातेरी चाक आणि त्यावर स्प्रिंगनं दाबलेली खिटी. बस्स. नव्या रिळांचा डिस्क ब्रेक मोठ्या माशाला जास्त मऊ धरतो, हे कबूल. पण इथं खिटी झिजली तर जुनी नमुन्याला धरून नवी घडवता येते, तीही गल्लीतल्या गल्लीत.

आणि जुनं ते सगळं सोनं, असंही नाही हं. एकदा फोटोवर भुलून घेतलं. विकणाऱ्यानं बफ मारून त्याचा आरसा केला होता: मूळचा काळपट शिसवी रंग गेला, कडा गोल झाल्या, स्पूल इतकं ढिलं की दोरी फटीत जाऊन अडकायची. ते आता कपाटात पेपरवेट आहे.

चांगल्या रिळाला दरवर्षी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. दोन घातले की खिटीचा कर्रर्र आवाज बसतो, आणि बायको म्हणते, बरं झालं.